ट्रॅकर बसवला, पण रिचार्ज कुणी करायचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या धाकट्या भावाची बोलेरो फेब्रुवारीत तासगाव तालुक्यातल्या त्याच्या बेदाणा शेडवरून चोरीला गेली. पहाटे पाचला त्याचा फोन आला, "आक्का, गाडी न्हेली गं कुणीतरी." माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, "अरे, ट्रॅकर आहे ना त्यात?" दीड वर्षापूर्वी त्याने ट्रॅकर, म्हणजे गाडी कुठे आहे हे फोनवर दाखवणारी डबी, बसवला होता. त्या दिवशी त्याच्याकडे रोख कमी होती, म्हणून पैसे मीच दिले होते.

साडेसातला मी शेडवर पोहोचले. भावाने काही न बोलता फोन माझ्या हातात दिला. नकाशावर निळा ठिपका होता, आणि तो त्याच्या अंगणातच होता. शेडचा पत्रा, विहीर, बाजूची द्राक्षबाग, सगळं नकाशात ओळखू येत होतं आणि ठिपका बरोबर त्या जागी होता जिथे गाडी रोज उभी असायची. मी मान वर करून बघितलं. समोर तेलाचा डाग होता, मागच्या चाकाला लावायची अर्धी वीट होती, गाडी नव्हती. मग चष्मा लावून ठिपक्याखालची बारीक अक्षरं वाचली. शेवटची नोंद पाच-साडेपाच महिन्यांपूर्वीची होती.

नंतर उलगडा झाला तो असा. ट्रॅकर उपग्रहांचे संदेश फक्त ऐकतो. किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की आपण कुठे आहोत हे त्याचं त्याला कळतं, पण उपग्रहाला त्यातलं काही माहीत नसतं. ती जागा आपल्या फोनपर्यंत पोहोचवायची तर ट्रॅकरच्या पोटात सिमकार्ड लागतं, आणि त्याचे पैसे संपले की गाडी कुठे आहे हे फक्त त्या डबीलाच माहीत राहतं. हे सिम आपल्या फोनसारखं नसतं. त्याचा नंबर 13 आकडी असतो, कोपऱ्यावरच्या दुकानात त्याचा रिचार्ज होत नाही, तो विकणाऱ्या कंपनीकडूनच करून घ्यावा लागतो. भावाला पहिल्या वर्षाचे पैसे किमतीतच धरून मिळाले होते. वर्ष संपताना आठवणीचे मेसेज आलेही होते, पण ते भावाला नाही, बसवणाऱ्या मुलाच्या मोबाइलवर. काम पटकन उरकावं म्हणून त्याने नोंदणीत स्वतःचा नंबर टाकला होता. पुढे तो मुलगा दुकान सोडून गेला. मी कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण भावानेही मधल्या काळात एकदाही ॲप उघडलं नव्हतं. छाटणी, फवारणी आणि मजुरांच्या धावपळीत कोण उघडतो?

फास्टॅगचाही मेसेज आला नाही. गाडी बहुधा आतल्या रस्त्यांनीच गेली. आपला सांगली जिल्हा सीमेवरचा. मिरजेहून म्हैसाळ आणि पुढे कागवाड, म्हणजे पाऊण तासाच्या आत कर्नाटक. जतकडून गेलं तर विजयपूर जिल्हा लागतो.

पुढची अडचण किल्लीची निघाली. चोरीचा दावा करताना विमा कंपनी गाडीच्या दोन्ही मूळ किल्ल्या मागते. भावाकडे एकच होती. दुसरी जुन्या ड्रायव्हरकडे राहिली होती, आणि तो गेल्या दिवाळीला काम सोडून गेला. मी एका सहकारी बँकेत 31 वर्षं नोकरी केली, त्यातली 19 कॅशमध्ये. आमच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असायच्या, एक शाखाधिकाऱ्याकडे, एक माझ्याकडे. मी रजेवर गेले तरी किल्ली कुणाच्या हातात दिली त्याची सहीनिशी नोंद व्हायची. आपल्या घरात मात्र पाच-सात लाखांच्या गाडीची दुसरी किल्ली कुठे आहे हे विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. हा मजकूर वाचणाऱ्या प्रत्येकाने आज रात्री ती किल्ली शोधावी.

भावाने फिर्याद त्याच सकाळी दिली. ठाण्यात त्याला नीट वागवलं, हेही सांगते. विमा कंपनीला मात्र त्याने चार दिवसांनी कळवलं, आणि एजंट म्हणाला, उशीर झाला, आता दावा नाकारतील. हे ऐकून त्याची दोन रात्री झोप उडाली. तसं नसतं. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्येच निकाल दिला आहे की पोलिसांत फिर्याद ताबडतोब दिली असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून चोरीचा खरा दावा फेटाळता येत नाही. त्याचा दावा अजून चालू आहे. पोलिसांची 'अ' समरी, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही असा अहवाल, न्यायालयात मंजूर व्हायला वेळ लागतो, आणि कंपनी त्यासाठी थांबते.

आता माझं. आम्ही विश्रामबागेत राहतो. आमची वॅगन आर 2014 ची. इमारतीला पार्किंग नाही, गाडी गल्लीत उभी असते. विम्याच्या कागदावर तिची किंमत 1,85,000 रुपये आहे. पण तीन वर्षांपूर्वी आमच्या यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. दर मंगळवारी आणि शुक्रवारी मिरजेला फिजिओथेरपीला जावं लागतं. गल्लीतला एक मुलगा गाडी चालवतो. यांना डाव्या हाताने धरून बसता यावं म्हणून एका वेल्डरकडून दाराच्या वर लोखंडी कडी बसवून घेतली आहे, सीटवर कापसाची जाड गादी शिवून घातली आहे. रिक्षात त्यांना चढवायला दोन माणसं लागतात. गाडी गेली तर विम्याचे पैसे येतील, पण ते येईपर्यंत मंगळवार-शुक्रवारचं काय करायचं? त्यामुळे बोलेरो गेल्यापासून मला रात्री दोनदा खिडकीत जाऊन गल्लीत डोकावल्याशिवाय झोप लागत नव्हती.

मुलगा पुण्याहून म्हणाला, "आई, उद्याच ट्रॅकर बसवून टाक, मीपण इथून बघत जाईन." यांनी अडखळत एकच शब्द काढला, "पाळत." त्यावर मुलगा चिडला. मला मात्र तो शब्द दिवसभर पुरला, कारण यांचं घराबाहेर पडणं उरलंय ते तेवढंच. परत येताना गणपती मंदिरापाशी पाच मिनिटं गाडी थांबवून ते नुसते बसतात. ते कुणाला कळावं असं त्यांना वाटत नाही.

मी शंभर फुटी रस्त्यावरच्या तीन दुकानांत चौकशी केली. भाव 2,800 पासून 5,500 पर्यंत, दुसऱ्या वर्षापासून रिचार्ज वेगळा. पहिल्याच दुकानात जे बघितलं ते सांगण्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं आहे. दुकानदाराने काउंटरवरचा कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. "बघा काकू, सगळं लाइव्ह." सांगली-मिरजेचा नकाशा, त्यावर हिरव्या-लाल खुणा, प्रत्येक खुणेवर एमएच 10 चा नंबर. माधवनगरच्या बाजूला एक सरकत होती. त्याने एका खुणेवर बोट ठेवलं, "हे डॉक्टर आहेत, रोज नऊला निघतात, आज अजून घरीच आहेत." दुसरी एक गाडी मिरजेच्या एका दवाखान्यासमोर तीन तासांपासून उभी होती. त्या घरात कोण आजारी आहे, हे एका अनोळखी बाईला दुकानाच्या काउंटरवर कळत होतं. मी नजर काढून घेतली.

बँकेत एका खातेदाराची शिल्लक दुसऱ्याला दिसू नये म्हणून आम्ही लेजरचं पान हाताने झाकून धरायचो. इथे तर माणूस कधी घराबाहेर पडतो, किती वाजता परततो, घर कधी रिकामं असतं हे सगळं त्या दुकानातल्या कुणालाही, अगदी काल कामावर लागलेल्या पोरालाही, बसल्या जागी दिसतं. चोरीपासून वाचायला बसवलेली वस्तू चोराच्या कामाची व्हायला आणखी काय पाहिजे? ग्राहकाची माहिती ज्या कामासाठी घेतली त्यासाठीच वापरावी, हे तत्त्व 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यातही आहे. त्या डॉक्टरांनी आपली गाडी इतर गिऱ्हाइकांना दाखवायला संमती दिली असेल असं मला वाटत नाही.

त्याच दुकानात आणखी दोन गोष्टी सांगितल्या गेल्या, दोन्ही चुकीच्या. ट्रॅकर आता सरकारने सक्तीचा केलाय, ही पहिली. सक्ती आहे ती प्रवासी वाहतुकीच्या परवान्यावर चालणाऱ्या टॅक्सी-बससारख्या वाहनांना, 1 जानेवारी 2019 पासून नोंदणी झालेल्या नव्या वाहनांपासून, आणि त्यातून रिक्षाही वगळल्या आहेत. घरच्या गाडीला सक्ती नाही. उच्च सुरक्षा नंबरप्लेटशी लोक याची गल्लत करतात, ती वेगळी. दुसरी गोष्ट, विम्याचा हप्ता निम्मा होतो. पुण्याच्या एआरएआय या वाहन तपासणाऱ्या संस्थेने मान्यता दिलेलं चोरीविरोधी उपकरण असेल तर सवलत मिळते, पण ती स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर अडीच टक्के, आणि जास्तीत जास्त 500 रुपये. माझा तो हप्ता 2,940 आहे. म्हणजे 73 रुपये 50 पैसे. त्याच्याकडच्या डबीला तर ती मान्यताही नव्हती.

दुसऱ्या दुकानदाराचा आग्रह होता की फोनवरून इंजिन बंद करण्याची सोयही घ्या. मी घेतली नाही. गाडी पळत असताना इंजिन बंद पडलं तर स्टिअरिंग जड होतं, ब्रेकलाही एक-दोन दाबांनंतर जोर राहत नाही. चोर असला तरी समोरून शाळेची मुलं येत असतील. शिवाय माझंच बोट चुकून लागलं आणि गाडीत हे असले तर?

तिसऱ्या दुकानातला फिटर वयस्कर होता, त्याने माझे सगळे प्रश्न ऐकून घेतले. नोंदणी माझ्या मोबाइल नंबरवर, माझ्यासमोर केली. गाडी दुकानाच्या खात्यात दिसणार नाही असं करा म्हटल्यावर त्याने कंपनीला फोन लावला. चाळीस मिनिटं गेली, पण गाडी फक्त माझ्या खात्यात आली आणि तसं त्याने बिलावर लिहून दिलं. मग मी त्याला बॅटरीची वायर काढायला लावली, कारण चोर पहिलं तेच करतो. मिनिटभरात माझ्या हातातला फोन वाजला. आतल्या छोट्या बॅटरीवर डबी काही तास चालते, तेवढ्यात काय ते करायचं. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला नुसता खोचायचा ट्रॅकर मी नाकारला, तो चोर एका झटक्यात उपटतो. फोनवाल्या कंपन्यांचे बटणाएवढे टॅग असतात, तेही नको म्हटलं. ते सामान शोधायला ठीक आहेत, पण असा अनोळखी टॅग सोबत फिरतोय हे आता चोराच्याच फोनला कळतं.

सोबत 1,400 रुपयांचं गिअर लॉक बसवलं. ट्रॅकर चोरी थांबवत नाही, झालेली चोरी सांगतो. थांबवलं तर ते काचेतून दिसणारं लोखंड थांबवेल. ज्यांच्याकडे एकाच गोष्टीचे पैसे आहेत त्यांनी आधी लोखंड घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

ॲप माझ्याच फोनवर आहे. मुलाला पासवर्ड दिला नाही, आणि का दिला नाही तेही त्याला सांगितलं. गाडी चालवणाऱ्या मुलालाही ट्रॅकर बसवल्याचं सांगितलं आहे, त्याच्यावर गुपचूप नजर ठेवायची नाही. रिचार्जची तारीख आणि तिच्या पंधरा दिवस आधीची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहिली आहे. दर पहिल्या तारखेला ॲप उघडून ठिपका आणि त्याखालची वेळ दोन्ही बघते. भावाला नुसता ठिपका दिसला होता, म्हणून वेळ महत्त्वाची.

एक विनंती जिल्हा पोलीस दलाला. रात्री अडीच वाजता फोन वाजला आणि गाडी म्हैसाळकडे सरकताना दिसली, तर माणूस मोटारसायकल काढून मागे लागतो. भावानेही तेच केलं असतं. गाडीत किती जण असतील, हातात काय असेल, याचा तो विचार करत नाही. अशा वेळी 112 ला फोन केल्यावर गाडीची जागा दर पाच मिनिटांनी कुणाला कळवायची, ती नाक्यावरच्या शिपायापर्यंत आणि सीमेपलीकडच्या ठाण्यापर्यंत कशी पोहोचते, हे अर्ध्या पानात छापून प्रत्येक ठाण्याबाहेर आणि ट्रॅकर विकणाऱ्या प्रत्येक दुकानात लावावं. 1 जुलै 2024 पासून फिर्याद ऑनलाइनही देता येते, तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते, हेही त्यावर असावं. आणि दुकानदारांना ताकीद द्यावी की एका गिऱ्हाइकाची गाडी दुसऱ्याला दाखवायची नाही. ज्या डॉक्टरांची गाडी मला दिसली त्यांना मी ओळखत नाही. त्यांनी हे पत्र वाचलं, तर त्यांनी आपल्या दुकानदाराकडे जाऊन एवढंच विचारावं की माझी गाडी तुमच्या पडद्यावर का आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
विश्रामबाग, सांगली