बडोद्याला, दांडिया बाजारच्या पत्त्यावर

इंग्लंड, डिसेंबर १९४२
(गावाचं नाव घालायला बंदी आहे.)

तीर्थरूप दादा व सौ. आईस साष्टांग नमस्कार वि. वि.

गणपतीत टाकलेलं पत्र काल पोचलं. मी मजेत आहे. फोटोत गालफडं दिसतात ती उजेडामुळे, वजन उतरलेलं नाही. गळ्यातल्या रेशमी रुमालाला दादा नखरा म्हणाले. विमान घेऊन वर गेलं की मागे कोण आहे ते बघायला मान सारखी फिरवावी लागते, कॉलरने कातडी सोलवटते. म्हणून रेशीम.

फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या दिएपच्या लढाईचं विचारलंत. पेपरात आलंच आहे, तेव्हा लपवत नाही. १९ ऑगस्टला मी तिथे होतो. एका दिवसात आमची शंभरेक विमानं गेली. जर्मनांचं नवं फोके-वुल्फ आमच्या स्पिटफायरपेक्षा पळतं जास्त, पण वळायला आमचं सरस. एक मागे लागला तेव्हा मी नुसता वळत राहिलो. फार आवळून वळलं की डोक्यातलं रक्त उतरतं, डोळ्यांपुढे आधी करडं, मग काळं. इंजिन तेवढं ऐकू येतं. स्टिक जरा सैल सोडली, दिसायला लागलं, तर तो नाही. कोणीच नाही! मघाशी तीस-चाळीस विमानं एकमेकांत गुंतलेली, आता नुसतं ऊन आणि खाली धूर. विमानातल्या तोफांना गोळे साठ-साठच, पाच-सहा सेकंदांत खलास. उतरलो, चहा घेतला, दुपारी पुन्हा गेलो. शेजारच्या खाटेवरचा कॅनेडियन आला नाही. हे आईला वाचून दाखवू नका.

तिला हे वाचा: इथे लोक टबात बसून अंघोळ करतात. म्हणजे बसायचं, साबण लावायचा, मळ त्याच पाण्यात, आणि त्याच पाण्यातून उठून थेट टॉवेल! वरून चांगलं पाणी घेणं नाही. त्यात कोळसा वाचवायला पाणी पाचच इंच घ्यायचं. टबाला तशी रेघ मारलेली. पाचांत दोघं बसले तरी कोणाला काही वाटत नाही. मी डबा घेऊन बाहेर बसून अंगावर ओततो, तर सगळे मलाच विचित्र समजतात.

दादा, ‘गांधीजी स्थानबद्ध आणि तू कोणाचं विमान उडवतोस’ याला माझ्याकडे उत्तर आहे. पण हे पत्र तुमच्याआधी दुसरेच वाचतात.

बँकेमार्फत तीनशे रुपये येतील. आधी आईच्या पाटल्या सोडवा. माझ्या फ्लाइंग क्लबच्या फीपायी त्या सराफाकडे आहेत, आणि तिने पत्रात त्यांचा एकदाही विषय काढलेला नाही. ताईचं वैशाखात धरलंत, उत्तम. माझ्यासाठी अडू नका. कानपिळीला चुलतभावाला उभा करा, जोरात पिळ म्हणावं.

ग्वाल्हेरच्या स्थळाला होकार कळवू नका. मुलगी चांगलीच असेल. पण मी विलायतेत कचेरीत असतो असं तुम्ही त्यांना सांगितलंत, हे काकांनी लिहिलं. खरं काय ते कळवा, मग ते थांबले तर बघू.

कळावे.
आपला आज्ञाधारक,
बाळ