मलावी आहे तरी कुठे?

संपादक साहेब, नमस्कार.

नोव्हेंबर आला की पेपरात बातमी ठरलेली, वाशी मार्केटात मलावी हापूस दाखल, पेटीचा भाव अमुक. भाव छापा की, आम्ही वाचतो (घ्यायला परवडत नाही तो भाग वेगळा), पण त्या देशाबद्दल एक ओळसुद्धा नसते. आमचं किराणा दुकान आहे, मलावीची तूर हाताखालून जाते, म्हणून मीच नकाशा काढून बसलो.

टांझानिया, झांबिया आणि मोझांबिकच्या मधे चेपलेला लांबोडका देश, राजधानी लिलाँग्वे, 1964 पर्यंत इंग्रजांचं न्यासालँड. समुद्र नाही, पण मलावी सरोवरच जवळपास 580 किलोमीटर लांब. जेवण म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, न्सिमा, सोबत सरोवरातला चांबो मासा मिळाला तर चैन. चेवा लोक मुखवटे घालून नाचतात ते गुले वाम्कुलु युनेस्कोच्या यादीत आहे, मला तर आपल्या जव्हार-मोखाड्याकडचा बोहाडाच आठवला.

पैसा येतो मुख्यतः तंबाखूतून, मग चहा, साखर वगैरे. बंदर नसल्याने माल मोझांबिकच्या बैरा नाहीतर नकालाला न्यायचा आणि डिझेल, खतं पण बाहेरूनच तशी आणायची, त्या भाड्यातच निम्मा जीव जातो.

आता तूर. तिकडे तिला नंदोलो म्हणतात आणि पिकवतात ती बरीचशी आपल्यासाठी. 2015 ला आपल्याकडे तूरडाळ किलोला दोनशेच्या घरात गेली, मग सगळ्यांनी तूर पेरली, इथलेच भाव पडले, म्हणून ऑगस्ट 2017 मधे सरकारने तुरीच्या आयातीला वर्षाला 2 लाख टनांची मर्यादा घातली आणि तिकडे भाव कोसळले. त्या साली लातूर-अकोल्याच्या शेतकऱ्याचेही हाल झाले होते, त्यामुळे मर्यादा चूक असं मी म्हणणार नाही, पण दिल्लीत एक कागद निघाला आणि हजारो मैलांवरचा शेतकरी बसला हेही खरंच ना. पुढे 2021 ला मलावीशी वर्षाला 50 हजार टनांचा करार झाला.

आणि तो हापूस, त्याच्या कलमाच्या काड्या रत्नागिरीहूनच गेलेल्या. विषुववृत्ताच्या खाली ऋतू उलटे, म्हणून आंबा ऐन थंडीत येतो आणि विमानाने येतो, मग पेटी महाग का ते कळतं.

या वर्षी पेटीच्या फोटोशेजारी छोटासा नकाशा टाकाच. परवा दुकानात एक काकू विचारत होत्या, मलावी म्हणजे मलबारकडे का हो.

– एक किराणा दुकानदार, ठाणे