ग्राफिक्सची ती झेप आता पुन्हा नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

व्हिडिओ गेमच्या ग्राफिक्सवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. येत्या दहा वर्षांत गेम कोणता आणि सिनेमा कोणता हे ओळखू येणार नाही, असा त्याचा सूर होता. गेली बारा वर्षे मी गेमसाठी थ्रीडी मॉडेल बनवते. मला तसे वाटत नाही. तो वेग ओसरला आहे, आणि तो ओढूनताणून टिकवण्याच्या नादात आमचे क्षेत्र स्वतःचेच नुकसान करून घेत आहे.

जुना वेग केवढा होता ते पाहा. प्लेस्टेशन म्हणजे सोनीचे घरी गेम खेळायचे यंत्र. १९९४ च्या पहिल्या प्लेस्टेशनची मुख्य मेमरी २ एमबी होती. २००० साली दुसरा आला तेव्हा ती ३२ झाली, २००६ च्या तिसऱ्यात सगळी मिळून ५१२, तर २०१३ च्या चौथ्यात ८ जीबी. दर पिढीला सोळापट! २०२० चा पाचवा १६ जीबी घेऊन आला, म्हणजे नुसती दुप्पट. चिपमधला ट्रान्झिस्टर, म्हणजे तिच्यातला सूक्ष्म स्विच, बारीक केला की तो स्वस्तही पडायचा आणि वीजही कमी खायचा. हे दोन्ही फायदे आता पूर्वीसारखे आपसूक पदरात पडत नाहीत.

जी ताकद वाढली ती कुठे गेली, हेही पाहण्यासारखे आहे. प्लेस्टेशन ४ ची ग्राफिक्स चिप १.८४ टेराफ्लॉपची (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणिते), ५ ची १०.२८ ची, वाढ साधारण साडेपाचपट. पण फुल एचडी पडद्यावर सुमारे २१ लाख पिक्सेल असतात आणि फोरकेवर सुमारे ८३ लाख. खरोखरच फोरकेवर गेम चालवायचा म्हटले तर त्या साडेपाचपटीतली चारपट नुसते जास्तीचे पिक्सेल भरण्यातच संपते. एकेका पिक्सेलच्या वाट्याला जेमतेम दीडपटही उरत नाही.

आता माझ्या कामाविषयी. गेममधली प्रत्येक वस्तू छोट्या त्रिकोणांची बनते आणि त्यांवर चित्र चिकटवतात. लाकडी खोक्याला एके काळी १२ त्रिकोण आणि एक चित्र पुरायचे. आज मी तेच खोके आधी बारीक तपशिलांसह कोरते, मग त्याची हलकी आवृत्ती बनवते, कोरलेले तपशील नॉर्मल मॅपमध्ये, म्हणजे सपाट पृष्ठभागावर उंचसखलपणाचा भास करून देणाऱ्या चित्रात, उतरवते, लाकूड कुठे झिजले आणि खिळा कुठे गंजला ते रंगवते. दिवसच्या दिवस जातात. खेळणारा त्या खोक्याशेजारून धावत निघून जातो, आणि त्यात त्याची काहीच चूक नाही. अशी हजारो खोकी म्हणजे किती माणसे आणि किती वर्षे! ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ या गेमला सुमारे २२ कोटी डॉलर लागले, हे २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्याच्या कागदपत्रांतून उघड झाले. एवढा पैसा पणाला लागला की नवी कल्पना करून पाहण्याचे धाडस कोण करणार? पूर्वी मी जिथे काम करत होते तिथे शेवटचे चार महिने रात्रीचे दहा वाजल्याखेरीज कोणी घरी जात नसे. ते सगळे झिलईसाठी होते.

प्रकाशाच्या बाबतीत मात्र मला अजून मनापासून आशा आहे. आजवर बहुतेक गेममधला प्रकाश आधीच गणित करून भिंतींवर ‘बेक’ केलेला असायचा, त्यामुळे दिवा उचलून दुसरीकडे नेला तरी भिंत उजळलेलीच राही. २०१८ पासून घरच्या ग्राफिक्स कार्डांवर रे ट्रेसिंग आले आणि प्रकाशाचे किरण खेळतानाच मोजले जाऊ लागले. ते पुरेसे स्वस्त झाले, तर आमचे बेकिंगचे तासन्‌तासही वाचतील. पण ही सुधारणा पहिल्या नजरेत डोळे दिपवणारी नाही. ती हळूहळू मुरेल.

एआयने मधल्या फ्रेम, म्हणजे दोन चित्रांमधली चित्रे, भरण्याच्या तंत्राचा गाजावाजा मला पटत नाही. सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमचा आकडा ६० चा १२० होतो, हालचाल मऊ दिसते. पण बटण दाबल्यावर गेमने प्रतिसाद द्यायला लागणारा वेळ त्याने घटत नाही, उलट थोडा वाढतो. जो दिसतो पण हाताला जाणवत नाही, तो वेग कसला?

२००४ च्या ‘हाफ-लाइफ २’ या गेममध्ये डबे, फळ्या, पिंपे उचलून फेकता यायची. वीस वर्षांनंतर कितीतरी देखण्या गेममध्ये टेबलावरचा पेला खिळ्याने ठोकल्यासारखा असतो. उलट २०२३ चा ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ हा गेम निन्टेन्डोच्या अवघ्या ४ जीबी मेमरीच्या स्विच या गेम यंत्रावर चालतो आणि खेळणाऱ्याला फळ्या, चाके, पंखे जोडून स्वतःचे वाहन बनवू देतो. पुढची वीस वर्षे आम्ही या बाजूला लावावीत, असे मला कळकळीने वाटते.

यात आपल्या दैनिकालाही हातभार लावता येईल. गेमच्या परीक्षणात स्क्रीनशॉट जरूर छापा, पण सोबत एवढेही लिहा, की टेबलाला धक्का दिला तर ते हलते का, आणि दिवा विझवला तर खोलीत अंधार होतो का.

आपली,
एक थ्रीडी आर्टिस्ट