साठीनंतरही ताकद वाढते

साठीनंतर वजने उचलू नयेत, हा आपल्या आरोग्य पुरवणीतील लेखात दिलेला सल्ला मला मान्य नाही. भार वाढवल्यावर सुरुवातीच्या आठवड्यांत स्नायू फारसे जाड होत नाहीत, तरी ताकद वाढते, कारण मेरुरज्जूतील चेतापेशी स्नायूंना अधिक वारंवार संदेश धाडतात आणि एरवी स्वस्थ राहणारे तंतूही कामाला लावतात. मोरितानी व डीव्हराइस या संशोधकांनी १९७९ मध्ये हे दाखवले. एका हाताच्या व्यायामाने दुसऱ्याचीही ताकद काहीशी वाढते, ती याचमुळे. सल्ला हवा तो जाणकाराच्या देखरेखीखाली भार हळूहळू वाढवण्याचा. नौपाड्यातील माझ्याकडे येणाऱ्या आजी खुर्चीचा हात न धरता उठू लागतात, तेव्हा मांडीचा घेर टेपवर तितकाच भरतो.

– एक भौतिकोपचारतज्ज्ञ, नौपाडा, ठाणे