परतीच्या दिवशी सामान ठेवायचे कुठे?

महोदय,

मालवण, तारकर्ली व देवबाग येथील मुक्काम आटोपून मी आणि माझी पत्नी नुकतेच डोंबिवलीला परतलो. सहल आनंदाची झाली. परंतु परतीच्या दिवशी तेथे अनेक पर्यटकांना, विशेषतः आमच्यासारख्या ज्येष्ठ दांपत्यांना, जी अडचण येते तिच्याकडे संबंधितांचे लक्ष वेधावेसे वाटते.

निवासाची खोली सकाळी दहाच्या सुमारास रिकामी करावी लागते. रात्रीचा प्रवास सोयीचा म्हणून आरक्षण मात्र कोकणकन्या किंवा तुतारीचे असते, आणि या गाड्या कुडाळला येईपर्यंत दिवस मावळलेला असतो. मधला सगळा दिवस मोकळा, पण हातात बॅगा. त्याही येतानापेक्षा जड झालेल्या, कारण कोकम, काजू, मालवणी मसाला आणि खाजे घेतल्यावाचून कोणी परतत नाही. शिवाय समुद्रात भिजलेले, रात्रभर दोरीवर टाकूनही न वाळलेले कपडे वेगळ्या पिशवीत बांधलेले असतात. एवढे सामान घेऊन सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीत चढणे आमच्या वयाच्या माणसांना झेपत नाही. मग एकाने जेटीवर सामानापाशी बसायचे आणि दुसऱ्याने किल्ला पाहून यायचे, एवढाच मार्ग उरतो. माझ्या पत्नीने शिवराजेश्वराचे दर्शन घेतले, तेव्हा मी बॅगा राखत होतो. आयुष्यभर संसाराच्या धावपळीत राहून गेलेले ठिकाण एकत्र पाहावे म्हणून आलेल्या दांपत्याने ते पाळीपाळीने पाहावे, हे मनाला लागते.

निवास व न्याहारी योजनेतील काही घरमालक आपल्या पडवीत सामान ठेवू देतात, हे कृतज्ञतेने नमूद करतो. परंतु देवबागला बॅगा ठेवून मालवण पाहायचे आणि त्या घेण्यासाठी पुन्हा देवबागला जायचे, यात वेळ आणि रिक्षाभाडे दोन्ही खर्च होतात. रेल्वे स्थानकावर सामान ठेवण्याची सोय असली तरी येथे तिचा उपयोग नाही, कारण मालवणहून कुडाळ सुमारे 30 किलोमीटर दूर आहे.

सिंधुदुर्ग जिल्हा 1997 मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला आणि जुलै 2025 मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. त्यामुळे येणाऱ्यांची संख्या वाढेल, असे मानण्यास जागा आहे. अशा वेळी मालवण बसस्थानक व जेटी या दोन ठिकाणी सशुल्क सामानघर सुरू करणे अवघड नसावे. कुलूपबंद बॅग, ओळखपत्राची नोंद, क्रमांकाची पावती आणि तासांप्रमाणे आकार, एवढी व्यवस्था पुरेशी आहे. स्थानिक महिला बचत गटांकडे हे काम सोपवल्यास त्यांनाही नियमित उत्पन्न मिळेल. त्याला जोडून स्वच्छ स्वच्छतागृह आणि कपडे बदलण्याची खोली असावी, ही विनंती स्त्रियांच्या वतीने आग्रहाने करतो. दिवसभर उन्हात फिरून त्याच कपड्यांत रात्रीच्या गाडीत बसणे त्यांना फार त्रासाचे होते.

पावसाळ्यात किल्ल्याची होडी वाहतूक बंद असते. त्या काळात मालवण नगरपरिषद, महाराष्ट्र सागरी मंडळ आणि एसटी महामंडळ यांनी एकत्र बसून जागा निश्चित करावी व दिवाळीच्या गर्दीपूर्वी निदान जेटीजवळचे सामानघर सुरू करावे, ही विनंती.

– एक ज्येष्ठ वाचक, डोंबिवली