जुमैऱ्याचं उन्हाळी घर आणि आपली पडवी

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

पडवीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करायचं ठरतंय, असं आई फोनवर म्हणाली. तेव्हापासून मला चैन नाही. बाबा, गवंड्याला आगाऊ पैसे देण्याआधी एवढं पत्र वाचा.

रविवारी मी इथे दुबईत, जुमैऱ्याला ‘मजलिस घोरफत उम्म अल शीफ’ बघून आले. पुढे दुबईचे राज्यकर्ते झालेले शेख रशीद बिन सईद अल मक्तूम यांनी १९५५ साली बांधलेलं उन्हाळी घर. तेव्हा दुबईत तेल सापडलं नव्हतं. जुमैरा म्हणजे कोळ्यांची वस्ती नि खजुराच्या बागा, आणि बाजारात चालायचा तो आपला रुपया! शेखांचं म्हणून काहीतरी अवाढव्य असेल असं वाटलं होतं. निघालं ते साधं दुमजली घर. खाली मोकळी ओसरी, वर मजलिस, म्हणजे बैठकीची खोली. संध्याकाळी लोक गाऱ्हाणी घेऊन यायचे ते इथेच.

वरच्या खिडक्या अगदी जमिनीलगत आहेत. उभ्यानं त्याचं कारण कळेना. खाली बसले आणि झुळूक थेट तोंडावर आली. बैठक जमिनीवर, म्हणून वाराही जमिनीवरूनच यायला हवा. किती वेळ तिथेच बसून राहिले.

भिंती प्रवाळाच्या दगडाच्या. समुद्रातून काढलेला, स्पंजासारखा छिद्राछिद्रांचा दगड. छिद्रांत हवा राहते, म्हणून बाहेरचं ऊन आत लवकर पोचत नाही. वर जिप्समचा गिलावा, छताला खजुराच्या झावळ्या. दारं-खिडक्या सागवानी, आणि बाबा, साग इकडे हिंदुस्थानातूनच गलबतांनी यायचा. वासे मात्र आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या कांदळाचे. ते तोकडे असायचे, म्हणून इथल्या जुन्या घरांच्या खोल्या लांब पण अरुंद असतात.

१९९४ साली हे घर दुरुस्त करून घेतलं आणि आता ते कुणालाही बघता येतं. प्रवाळात मुळातच मीठ असतं, शिवाय जमिनीतली ओल वर चढते. जिप्सम किंवा चुना असला की ती बाहेर सुकून जाते. सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, मीठ साचतं आणि आतला दगडच भुसभुशीत होऊन गिलाव्यासकट सुटतो.

आपला जांभ्याचा चिराही पाणी पिणारा. न्हाणीघराच्या भिंतीचं काय झालं आठवतंय ना? सिमेंट केलं आणि दोन पावसाळ्यांत पोपडे धरले. आई खालची माती रोज झाडून काढते, ती गिलाव्याची नाही, चिऱ्याची आहे.

मामाच्या गावी देवळाचं काम चाललंय, तिथे चुन्याचा कारागीर आहे. त्याला एकदा घरी बोलावून भिंत दाखवा. पैसे मी पाठवते, त्याची काळजी नको. पावसाआधी जमत नसेल तर दिवाळीनंतर करू, तोवर पडवीला झापं बांधून घ्या. तो काय म्हणतो ते लगेच कळवा.

तुमची,
ताई