'बेस्ट क्वालिटी' निवडूनही एक्स्पोर्टमध्ये चित्र फुटतंय, टू-पास (दोन फेऱ्यांचं एन्कोडिंग) द्या नाहीतर पैसे परत करा

प्रति,
कस्टमर सपोर्ट विभाग

नमस्कार साहेब / मॅडम,

मी साताऱ्यात लग्नं, जत्रा, बारशी, गावचे कार्यक्रम शूट करून एडिट करून देतो, तुमच्या एडिटिंग सॉफ्टवेअरचा वर्षाचा प्लॅन पैसे भरून घेतलाय, बिल सोबत जोडलंय. तक्रार जरा लांब आहे पण पूर्ण वाचा, कारण मागच्या वेळी चॅटवर सांगितली तर "बिटरेट वाढवून बघा" (बिटरेट म्हणजे सेकंदाला किती डेटा वापरायचा ते) एवढं एक वाक्य टाकून तुम्ही तिकीट बंद करून टाकलंत.

कराड तालुक्यातल्या पालची खंडोबाची यात्रा असते पौष महिन्यात, खंडोबा-म्हाळसाचं लग्न लागतं, लाखो माणूस येतं आणि सगळीकडं भंडारा उधळतात. तिथलं शूटिंग मी केलं, 4के, 25 फ्रेम, 10 बिटमध्ये. टाइमलाइनवर बघितलं तर भंडाऱ्याचा कण न् कण दिसतोय, मागं माणसांचे चेहरे दिसतायत, पागोट्यांचे रंग दिसतायत. तेच तुमच्या 'बेस्ट क्वालिटी' या प्रीसेटनं (तयार सेटिंगनं) 1080 ला एक्स्पोर्ट केलं की भंडारा उडाला रे उडाला की सगळ्या चित्राचे चौकोन चौकोन होतात, पिवळा नुसता चिखल दिसतो आणि चेहरे पुसल्यासारखे होतात. हळदीच्या कार्यक्रमात, अक्षता टाकताना, वरातीच्या फटाक्यांच्या धुरात पण हेच होतंय. म्हणजे ज्या क्षणासाठी लोक आम्हाला बोलावतात नेमका तोच खराब.

आता हे का होतंय ते तुमच्या माणसांना माझ्यापेक्षा जास्त कळायला पाहिजे. एच.264, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत, जागा वाचवते ती आधीच्या फ्रेममधला तुकडा कुठं सरकला ते शोधून, भिंत किंवा मूर्ती असेल तर काहीच नवीन लिहावं लागत नाही, पण उडणारा भंडारा प्रत्येक फ्रेममध्ये नवीन असतो, तिथं मागचं काही उपयोगाला येत नाही म्हणून तिथं जास्त बिट लागतात. टू-पास असेल तर एन्कोडर (व्हिडिओ दाबून फाइल बनवणारा भाग) पहिल्या फेरीत अवघड जागा बघून ठेवतो आणि दुसऱ्या फेरीत सोप्या शॉटमधले बिट वाचवून तिकडं देतो. तुमचा प्रीसेट एकाच फेरीत सगळीकडं सारखंच वाटप करतोय, मी मीडियाइन्फोमध्ये (फाइलची तांत्रिक माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून बघितलं, कॉन्स्टंट बिटरेट दाखवतंय. आणि ते बदलायचं म्हटलं तर सेटिंगच नाही! नुसतं लो, मीडियम, बेस्ट. शिवाय ग्राफिक्स कार्डचा एन्कोडर आपोआप चालू होतो, तो फास्ट आहे हे मान्य, पण तेवढ्याच साइजमध्ये एक्स264 या सॉफ्टवेअर एन्कोडरच्या स्लो प्रीसेटएवढी क्वालिटी तो देत नाही, आणि बंद करायचं बटण कुठंच नाही.

बिटरेट वाढवा म्हणणं सोपं आहे हो. आमचं गिऱ्हाईक पेनड्राइव्ह टीव्हीला लावून घरात सगळ्यांना दाखवतं, गावाकडचे बरेच जुने टीव्ही फक्त फॅट32 फॉरमॅटचा पेनड्राइव्ह वाचतात आणि त्यात एक फाइल 4 जीबीच्या वर जातच नाही. 8 एमबीपीएस धरला तर तासाला 3.6 जीबी होतात, बसतंय. 20 केला तर 9 जीबी, मग लग्नाचे तुकडे पाडून द्यायचे का? मुद्दा साइज वाढवायचा नाही, आहे त्या साइजमध्ये बिट नीट वाटायचा आहे.

आणि हे जमतं याचा पुरावा माझ्याकडं आहे. तीच टाइमलाइन मी डीएनएक्सएचआरमध्ये (एडिटिंगसाठीचा कमी दाबलेला, मोठ्या फाइलचा फॉरमॅट) काढली, ती फाइल हँडब्रेक या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली, तोच 8 एमबीपीएस सरासरी, टू-पास, स्लो. फाइल तेवढ्याच साइजची आणि भंडारा स्वच्छ. दोन्ही क्लिप लिंकवर ठेवल्यात, शेजारी शेजारी लावून बघा, सांगायची गरजच पडणार नाही. फुकटातलं सॉफ्टवेअर जे करतंय ते पैसे घेऊन तुम्ही देत नाही याचा खरा राग आहे. बरं हा लांबचा रस्ता रोज परवडत नाही, मधली फाइल तासाला 80 जीबीच्या आसपास जाते, हार्डडिस्क भरते आणि रात्रभर मशीन अडकून पडतं, लग्नसराईत एवढा वेळ कुणाकडं आहे.

अजून दोन गोष्टी. एक, तुमचा प्रीसेट 25 ची फ्रेम गुपचूप 30 करतो. आपल्याकडं लाइट 50 हर्ट्झची, ट्यूबच्या उजेडात फ्लिकर नको म्हणून आम्ही 25 लाच शूट करतो, आणि तुम्ही सेकंदाला 5 फ्रेम डबल करता, त्यामुळं पालखीवरून कॅमेरा फिरवला की चित्र झटके देतं. दोन, फाइलमध्ये रेक.709 चा (एचडी व्हिडिओच्या रंगांचं मानक) टॅगच लिहिला जात नाही, काही प्लेअर ते 601 (जुन्या, एसडी व्हिडिओचं मानक) समजून दाखवतात आणि नवरीच्या शालूचा लाल वेगळाच येतो. रंग चुकला की बायका पहिल्यांदा तेच पकडतात, आणि बरोबर पकडतात, शालूचा रंग त्यांनी दुकानात उजेडात धरून बघितलेला असतो.

मला पाहिजे ते एवढंच: पुढच्या अपडेटमध्ये टू-पास आणि सीआरएफ (क्वालिटी ठरवून त्यानुसार बिट देणारी पद्धत) द्या, हार्डवेअर एन्कोडर बंद करायची सोय द्या, फ्रेम रेट टाइमलाइनचाच राहू द्या आणि रंगाचा टॅग लिहा. जमणार नसेल तर तसं स्पष्ट कळवा आणि राहिलेल्या महिन्यांचे पैसे परत करा. जाहिरातीत 'प्रोफेशनल आउटपुट' असं लिहून प्लॅन विकलाय, त्यामुळं पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार आणि लागलं तर साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात पण जाणार.

एप्रिल-मेच्या तारखा बुक झाल्यात, त्याआधी मला ठरवायचंय की तुमच्याकडंच राहायचं का दुसरं सॉफ्टवेअर शिकायचं. क्लिप ज्याला एन्कोडिंग कळतं अशा माणसाला दाखवा आणि त्यालाच उत्तर लिहायला सांगा.

आपला ग्राहक,
एक व्हिडिओ एडिटर, सातारा

सोबत: बिलाची प्रत, दोन्ही क्लिपची लिंक, मीडियाइन्फोचे स्क्रीनशॉट